इंजिनाच्या आधी उठणारी माणसं

परवा भोगीच्या पहाटे आमच्या गल्लीत शेकोटी पेटली होती. पोंगलच्या आदल्या दिवशी घरातल्या जुन्या चटया, केरसुण्या, फाटक्या टोपल्या जाळून टाकायची इथली रीत आहे. २०१८ च्या भोगीला या धुरानं आणि धुक्यानं चेन्नई विमानतळावरची उड्डाणं कित्येक तास खोळंबली होती. पारा एकवीस अंशांवर होता आणि माणसं माकडटोप्या घालून उभी होती. आपल्याकडच्या माणसाला हसू यावं अशी ही थंडी. पण शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदींत ज्या शहराचा नीचांक सुमारे १४ अंश आहे, तिथल्या लोकांनी माकडटोपी घालायची तरी कधी?

त्या शेकोटीपाशी आमच्या ईएमईचाच एक पोरगा भेटला. बीडकडचा. पुढच्या महिन्यात लेहला निघालाय. हातातल्या कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, हे प्री-हीटिंग म्हणजे इंजिन सुरू करायच्या आधी तापवायचं. पण इंजिन तर सुरू झाल्यावर आपोआप तापतं. मग आधी तापवायची भानगड कशाला?"

मी त्याला विचारलं, "तुझ्या घरी थंडीत खोबरेल तेलाची बाटली कुठं ठेवायचे?"

"आई चुलीच्या वैलावर ठेवायची."

"का?"

"तेल गोठायचं. बाटली उपडी केली तरी थेंब पडायचा नाही."

झालं, अर्धं उत्तर त्यानंच दिलं. उरलेलं अर्धं उत्तर द्यायला शेकोटी पुरली नाही, म्हणून हा लेख. मंडळी, हा इतिहास छोट्या विमानांच्या इंजिनांचा आहे, कारण थंडीनं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त छळलं ते त्यांनाच. आपल्या गाड्या, रणगाडे, जनरेटर हे सगळे त्यांच्या मागून तीच शाळा शिकले.

आधी यंत्राचं बोलू. छोट्या विमानाच्या पिस्टन इंजिनाला थंडी चार बाजूंनी धरते. पहिलं तेल. उन्हाळ्यात पाण्यासारखं धावणारं जाड तेल उणे वीस अंशांत काकवीसारखं होतं. पंप ते ओढू शकत नाही. इंजिन सुरू होतं, पण पहिली काही सेकंदं बेअरिंगला तेलच पोचत नाही. धातू धातूवर घासतो, आणि एका सकाळीत शेकडो तासांची झीज होऊन बसते.

दुसरा धातू. क्रँककेस ॲल्युमिनियमचं, क्रँकशाफ्ट पोलादाचा. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. ढोबळ हिशेब करून बघा. ५० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती तापमान ५० अंशांनी उतरलं, तर ॲल्युमिनियम साधारण ०.०६ मिलिमीटर आकसतं आणि पोलाद ०.०३. फरक ०.०३ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्मा. पण बेअरिंगमध्ये तेलासाठी ठेवलेली फट तरी कुठे फार मोठी असते? म्हणजे तेल जाड झालेलं असतं, आणि त्याच वेळी त्याची वाटही अरुंद झालेली असते.

तिसरं पेट्रोल. थंडीत त्याची वाफ होत नाही आणि ठिणगी पडून उपयोग होत नाही. म्हणून माणूस जास्त पेट्रोल मारतो आणि आग लावून घेतो. कधी इंजिन दोन-तीन सेकंद पेटतं आणि विझतं. जळण्यातून तयार झालेली पाण्याची वाफ प्लगच्या टोकावर जाऊन गोठते. एकदा प्लगवर बर्फ बसला की तो वितळेपर्यंत दुसरी ठिणगी नाही. आणि चौथी बॅटरी. इंजिन फिरवायला सगळ्यात जास्त ताकद लागते त्याच वेळी तिची ताकद निम्म्यावर आलेली असते.

म्हणून आजही इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांनी रेघ आखून दिलेली आहे. साधारणपणे काँटिनेंटल म्हणते उणे ७ अंशांच्या खाली आधी तापवा, लायकमिंग म्हणते उणे १२ च्या खाली. ही रेघ माणसाला एका दिवसात सापडलेली नाही.

विमानाचा जन्मच थंडीत झाला. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकला बोचरा वारा होता आणि आसपासची डबकी गोठलेली होती. राइट बंधू मधूनमधून खोपटात जाऊन कार्बाइडच्या डब्याच्या केलेल्या शेगडीवर हात शेकत होते. ऑर्व्हिल राइटनं लिहून ठेवलंय की इंजिन काही मिनिटं चालवून गरम केलं आणि मगच विमानाला धरून ठेवणारी तार सोडली. त्या इंजिनाचं क्रँककेसही ॲल्युमिनियमचंच होतं. म्हणजे वर सांगितलेली केसभर फटीची कटकट पहिल्या दिवसापासूनची. उड्डाण पहिलं आणि इंजिन गरम करणंही पहिलं. इतिहासानं एकच लक्षात ठेवलं.

सातच वर्षांत विमान मद्रासला आलं. माउंट रोडवरच्या हॉटेलचे मालक जाकोमो डी'आंजेलिस यांनी सिम्पसन कंपनीच्या मदतीनं स्वतःचं विमान बांधून घेतलं आणि १९१० साली आयलंड ग्राउंडवर लोकांना उडवून दाखवलं. त्या इंजिनाला आणखी कितीही त्रास झाले असतील, गारठ्याचा झाला नसणार. पुढे इथे फ्लाइंग क्लब निघाला, तांबरमला हवाई दलाचं मोठं ठाणं झालं. वैमानिकांना शिकवणारे शिक्षक तिथं तयार होतात आणि इंजिनांवर काम करणाऱ्या हवाई सैनिकांची मेकॅनिकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही तिथंच आहे. देशाच्या सगळ्यात थंड धावपट्ट्यांवर राबणारे कितीतरी हात जिथं घामाशिवाय दुसरं काही दिसत नाही अशा गावात तयार झाले. हा विरोधाभास मला इथे आल्यापासून खुणावतो.

थंड इंजिनाची खरी शाळा भरली अलास्कात. २१ फेब्रुवारी १९२४ ला बेन आयल्सन या वैमानिकानं फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल नेलं. कुत्र्यांच्या गाडीला ज्या वाटेवर आठवडे लागत, ती त्यानं तीनेक तासांत कापली. त्याच्या मागोमाग तिथे छोट्या विमानांचा धंदा उभा राहिला. हँगर नाही, वीज नाही, नदीच्या गोठलेल्या पात्रावर उतरायचं आणि रात्र काढायची.

त्या लोकांनी एक रीत बसवली. उतरल्यावर स्वतःच्या जेवणाआधी इंजिनाचं तेल गरम असतानाच डब्यात काढून घ्यायचं आणि डबा झोपडीत चुलीपाशी ठेवायचा. इंजिनावर जमिनीपर्यंत लोंबणारी ताडपत्री टाकायची. पहाटे उठून त्या ताडपत्रीच्या तंबूत नळकाम करणाऱ्यांची पेट्रोलची भट्टी पेटवायची. वर तेल आणि पेट्रोल झिरपणारं इंजिन, खाली उघडी ज्योत, भोवती कापड. म्हणून एका माणसानं आत आग विझवायचं साधन घेऊन बसायचं आणि ज्योतीवरून नजर हलवायची नाही. नजर हलली आणि विमान जळालं, असं तिथं घडलेलं आहे. तासभरानं हातानं पंखा फिरवून बघायचा. तो सैल फिरला की चुलीवर तापवलेलं तेल ओतायचं आणि लगेच इंजिन सुरू करायचं. उशीर केला तर पुन्हा पहिल्यापासून.

यात यंत्र कुठं आहे? एक डबा, एक कापड, एक शेगडी. बाकी सगळी शिस्त. आणि ती शिस्त आदल्या रात्रीपासून सुरू होते. रात्री थकून तेल न काढता झोपलेला माणूस सकाळी कितीही धडपडला तरी उशीर झालेलाच असतो.

हा धडा जर्मन फौजेला १९४१ च्या हिवाळ्यात फार महागात शिकावा लागला. मॉस्कोच्या दारात पारा उणे तीसच्याही खाली गेला. युरोपभर गाजलेली विमानं मैदानात उभीच राहिली, आणि इंजिनाखाली आगट्या पेटवून माणसं रात्र काढू लागली. समोर सोव्हिएत हवाई दलाला हा हिवाळा दरवर्षीचा होता. तेल आणि पाणी काढून ठेवायचं, तापवून परत भरायचं, शेगड्या नि पांघरुणं विमानाबरोबरच बाळगायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

त्याच काळात दुसरी एक युक्ती सगळीकडे पसरली. रात्री इंजिन बंद करण्याआधी चालू इंजिनाच्या तेलात थोडं पेट्रोल सोडायचं. तेल पातळ होतं आणि गारठ्यातही पातळच राहतं. सकाळी इंजिन सुरू होऊन तापलं की पेट्रोल उडून जातं आणि तेल पुन्हा मूळ जाडीवर येतं. याला ऑइल डायल्यूशन म्हणतात. अमेरिकन लष्करानं १९४० मध्ये फेअरबँक्सजवळच्या लॅड फील्डवर खास थंडीतल्या चाचण्यांचं केंद्र उभं केलं होतं. १९४२ ते ४५ या काळात अलास्का-सायबेरिया मार्गानं जवळपास ८,००० विमानं सोव्हिएत रशियाला गेली, ती तिथूनच. पेट्रोलची भट्टी जाऊन गरम हवा फुंकणारे मोठे हीटर आणि त्यांच्या कापडी सोंडा आल्या.

पण डायल्यूशनमध्येही मेख तीच. स्विच आदल्या संध्याकाळी दाबायचा असतो. उद्याची थंडी आज ओळखायची.

आता आपल्याकडे येऊ. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर, जिथं आज ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे त्या भागात, कंपनीच्या काळात मद्रास आर्टिलरीचं मुख्यालय होतं. आणि आपल्या लष्कराच्या पंखांची सुरुवात तोफखान्यातूनच झाली. तोफेचा गोळा कुठे पडला हे वरून बघून सांगायला छोटी ऑस्टर विमानं असायची, आणि ती उडवणारा वैमानिक तोफखान्याचाच अधिकारी असायचा. एअर ओपी म्हणजे हवेतली निरीक्षण चौकी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटिशांची ६५६ स्क्वाड्रन अशी ऑस्टर घेऊन हिंदुस्थानात आली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्याआधी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला राहिली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये पहिली भारतीय एअर ओपी फ्लाइट उभी राहिली आणि काही महिन्यांत काश्मीरच्या लढाईत उतरली.

देवळालीच्या हवेत जी ऑस्टर एका झटक्यात सुरू होते, ती श्रीनगरच्या जानेवारीत तशी होत नाही. तिथं पहाटेचा पारा शून्याच्या खाली असतो. उघड्या मैदानावर रात्रभर उभ्या असलेल्या छोट्या इंजिनाला पांघरूण, ऊब आणि पंखा फिरवणारे हात लागतात. अलास्कात बसलेली रीत आपल्या माणसांना नव्यानं अंगी बाणवावी लागली, तीही लढाई चालू असताना.

२४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहच्या वाळूच्या पट्टीवर डाकोटा उतरवलं. ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकतो. डाकोटा काही छोटं विमान नव्हे, पण त्याच्या कॉकपिटमध्ये ऑइल डायल्यूशनचे स्विच असतात, हे किती जणांना ठाऊक आहे? लेहच्या धावपट्टीची उंची साडेदहा हजार फुटांवर. तिथं हवा विरळ, म्हणून बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होणं अवघड. थंडी त्यात भर घालते. म्हणून अशा उंचीवर आपल्या हवाई दलानं पुढे वर्षानुवर्षं एक साधा उपाय पाळला: इंजिन बंदच करायचं नाही. पंखे फिरत असताना सामान उतरवायचं, माणसं चढवायची, निघायचं. गरम इंजिन थंड होऊ न देणं हे सगळ्यात स्वस्त प्री-हीटिंग. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी १६,६०० फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट विमान उतरवलं, तेव्हा पिस्टन इंजिनांच्या मदतीला त्या विमानाच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलेलं होतं.

ऑस्टरच्या नंतर एअर ओपीला स्वदेशी विमान मिळालं, कृषक. त्याची रचना हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या ज्या चमूनं केली, त्याचे प्रमुख होते डॉ. विष्णु माधव घाटगे. आपल्या कोल्हापूर भागातले. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांचंच एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं आणि पुढे तांबरमच्या शिक्षकांच्या शाळेतही वापरलं गेलं. कृषक १९५९ मध्ये उडालं. त्यात २२५ अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन होतं, म्हणजे वर सांगितलेल्या उणे ७ च्या रेघेच्या कंपनीचं. विमान आपलं झालं, पण थंडीचे नियम तेच राहिले. घाटग्यांनी कितीही चांगलं विमान काढलं तरी पहाटे त्याच्यापाशी कुणीतरी उठून जायलाच हवं होतं.

ते 'कुणीतरी' म्हणजे आम्ही. लष्कराच्या विमानांची देखभाल ईएमईकडे असते. मी स्वतः विमानांवर काम केलेलं नाही. माझं आयुष्य गाड्यांखाली गेलं. पण हा धडा मी लडाखमध्ये एका जोंगाकडून शिकलो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी नवा होतो. डिसेंबरातल्या एका पहाटे निरोप आला की वरच्या पोस्टवरून आणलेला एक जवान रात्रीपासून खोकतोय, श्वास लागतोय, खाली इस्पितळात न्यायचाय. उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याचा तो आजार ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तिथं औषध एकच, माणसाला खाली नेणं. जोंगा तयार करायचं काम माझं होतं. आदल्या रात्री तिच्यावर ताडपत्री टाकायची होती. मी टाकली नव्हती. दमलो होतो.

घाईत मी ब्लोलॅम्प पेटवून इंजिनाचा वरचा भाग आणि कार्ब्युरेटरच्या आसपास तापवलं. पाच मिनिटांत हाताला गरम लागलं. स्टार्टर मारला. इंजिन तीन सेकंद धडधडलं आणि विझलं. पुन्हा मारला, पुन्हा मारला. बॅटरी बसली. मागे स्ट्रेचरवर तो पोरगा. त्याच्या श्वासाचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

आमचे उस्ताद, कोल्हापूरकडचे हवालदार, आले. ओरडले नाहीत. समोर वाकून तेलाच्या टाकीला खालून हात लावला आणि म्हणाले, "मर्दा, डोस्कं तापवलंस आन् प्वाट गार ठेवलंस."

मग त्यांनी सगळे प्लग काढायला लावले. त्यांच्या टोकांवर पांढरं दव गोठलेलं होतं. प्लग बुखारीवर ठेवले. तेलाच्या टाकीखाली पत्र्याच्या ट्रेमध्ये निखारे सरकवले आणि ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली. मला बाजूला वाळूची बादली घेऊन बसवलं, उठायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या गाडीची बॅटरी आतल्या खोलीतून उबदार अशी आणली. चाळीस मिनिटं गेली. मग गरम प्लग बसवले आणि पहिल्याच फिरकीत जोंगा सुरू झाली.

तो जवान वाचला. महिन्याभरानं परतही आला. पण ती चाळीस मिनिटं माझी होती. मी आदल्या रात्री ताडपत्री टाकली असती आणि पहाटे चार वाजता उठून निखारे सरकवले असते, तर ती त्याची झाली असती. विमानांच्या लोकांची पुस्तकं मी पुढे वाचली, तेव्हा तिथंही हीच चूक पहिल्या नंबरवर सापडली. सिलिंडर तापवायचे, ते पटकन गरम लागतात, माणूस फसतो. आतला शाफ्ट, बेअरिंग आणि खालचं तेल तसंच थंड. इंजिन सुरू होतं खरं, पण आतून खात सुटतं. आजकाल छोट्या विमानांना तेलाच्या टाकीवर आणि सिलिंडरवर विजेचे हीटर कायमचे बसवतात, ते रात्रभर लावून ठेवतात, वरून गोधडी घालतात. साधन बदललं. वेळ तेवढाच लागतो.

पिस्टन इंजिनांच्या जागी टर्बाइन आले, तेव्हा वाटलं की हे दुखणं संपलं. बऱ्याच अंशी संपलंही. तरी थंडीनं आपली ओळख ठेवली. आपलं चीता हेलिकॉप्टर ज्या फ्रेंच लामावरून आलं, ते भारताच्या हिमालयातल्या गरजेसाठीच आखलेलं होतं. २१ जून १९७२ ला ज्याँ बुले यांनी ते १२,४४२ मीटर उंच नेलं. वर तापमान उणे ६३ अंश. खाली येण्यासाठी ताकद कमी करताच इंजिन विझलं, आणि पुन्हा सुरू होईना. बुले यांनी बंद इंजिनानं, नुसत्या हवेवर पाती फिरवत ते हेलिकॉप्टर जमिनीवर आणलं. दोन विक्रम एकाच दिवशी झाले, त्यातला दुसरा कुणाला नको होता.

१३ एप्रिल १९८४. ऑपरेशन मेघदूत. ४ कुमाऊंचे कॅप्टन संजय कुलकर्णी आपल्या तुकडीसह चीता हेलिकॉप्टरमधून बिलाफोंड ला वर उतरले आणि तिथं तिरंगा लावला. उणे तीसच्या आसपासची थंडी. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. आपल्या मराठी माणसांना हे नाव पाठ असायला हवं. त्या दिवसापासून आजपर्यंत सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर हेलिकॉप्टर इंजिन बंद करत नाही. पाती फिरत असतात, काही सेकंदांत जरीकॅन आणि डाक उतरते, आजारी जवान चढतो, हेलिकॉप्टर निघतं. खाली तळावर मात्र पहाटेच्या पहिल्या फेरीसाठी कुणीतरी अंधारात बॅटरी उबेत सांभाळलेली असते, पात्यांवरचा बर्फ झाडलेला असतो, पांघरूण काढलेलं असतं. ते नाव कुठल्या पुस्तकात येत नाही.

आता पुन्हा चेन्नई. मी राहतो त्या आवडीत हेवी व्हेइकल्स फॅक्टरी आहे. टी-७२ आणि टी-९० रणगाडे इथून बाहेर पडतात. शेजारीच इंजिन फॅक्टरी. या रणगाड्यांच्या पोटात एक छोटी भट्टी बसवलेली असते. डिझेल जाळून ती इंजिनाभोवतीचं पाणी तापवते, पंप ते फिरवतो, तेलालाही ऊब मिळते, आणि मग इंजिन सुरू करतात. अलास्कातली ताडपत्रीखालची भट्टी, रशियातल्या शेगड्या, उस्तादांचा निखाऱ्यांचा ट्रे, हे सगळं इथं कारखान्यातूनच आत बसून येतं. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये रणगाडे चढले आणि पूर्ण हिवाळा तिथं राहिले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं होतं. ते उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. त्याआधी डिझेलच्या टाकीखाली जाळ करून बसणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत.

ज्या गावात जानेवारीत पंखा चालू ठेवून झोपतात, त्या गावात ही भट्टी जोडली जाते. जोडणाऱ्या तमिळ कारागिरांपैकी कितीजणांनी बर्फ पाहिला असेल? तरी ती व्यवस्थित बसते. न पाहिलेल्या थंडीसाठी इमानानं काम करणं, हेही आदल्या रात्री ताडपत्री टाकण्यासारखंच आहे.

त्या बीडच्या पोराला मी शेवटी एवढंच सांगितलं. अरे, लेहला गेलास की तुला हीटर मिळतील, चांगलं तेल मिळेल, हिवाळी डिझेल मिळेल. त्यानं काम सोपं होईल, पण वेळ वाचेल असं समजू नकोस. संध्याकाळी हात गारठलेले असताना पांघरूण टाकायचं, बॅटरी आत आणायची. पहाटे ज्याला निघायचंय त्याच्या दीड तास आधी तू उठायचं. हाताला वरून गरम लागलं म्हणून फसायचं नाही, खाली वाकून तेलाच्या टाकीला हात लावायचा.

"पोट गरम आहे का बघायचं," तो हसून म्हणाला.

शेकोटी विझत आली होती. समोरच्या घरातली आजी नव्या केरसुणीनं राख गोळा करत होती. वरून मीनंबाक्कमकडे उतरणारं एक विमान धुरातून दिवे लावून गेलं. पोरगा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला उस्तादांचं नाव सांगितलंच नाही. ते आता गावी असतात, गुडघे दुखतात. फोन केला की पहिल्यांदा विचारतात, "तिकडं थंडी हाय का रं?"

नाही उस्ताद, इथं थंडी नाही. पण तुमचा धडा पुढच्या महिन्यात लेहला चाललाय.

जय हिंद.